तिचं निगेटिव्ह, माझं पॉझिटिव्ह

त्या वर्षी मी चोपन्न वर्षांची होते. मुलुंड पूर्वेला आईच्या मागे राहिलेल्या वन-रूम-किचनमध्ये एकटी राहत होते आणि घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं याला गोष्ट अशी काही नाही. आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग आई, आणि तोवर विचारणाऱ्यांनी विचारणं सोडलं. भाऊ बोरिवलीला. गणपतीत, दिवाळीत आणि कुणी गेलं की आमची भेट.

दुकानात नव्या फ्रेम्सचे खोके येतात. ते छातीशी धरून माळ्यावर चढवायचं काम माझंच. एक दिवस असाच खोका चढवताना डाव्या बाजूला काहीतरी टोचलं. वाटलं, खोक्याचा कोपरा असेल. खोका वर ठेवला, खाली उतरले, तरी ते तिथेच होतं.

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेले. सोबत कुणाला न्यावं असं मनात आलंच नाही. तिथली तरुण डॉक्टर केसपेपर भरत होती. पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, हे तिने विचारलं. मग खाली मान घालूनच विचारलं, मुलं किती? म्हटलं, नाहीत. अंगावर दूध कुणाला पाजलंय? म्हटलं, लग्नच नाही केलं. तिने वर पाहिलं, जरा ओशाळली आणि म्हणाली की हे विचारावंच लागतं, कारण या आजाराचा त्याच्याशी संबंध असतो. एवढ्या वर्षांत कुणी इतकं स्पष्ट विचारलं नव्हतं. मला राग नाही आला. फक्त त्या खोलीत एकदम खूप मोकळी जागा असल्यासारखं वाटलं.

सुई घालून गाठीचा तुकडा काढला त्या दिवशी, माझ्यासारखीच तपासणीला आलेली ती मला भेटली. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर, ब्लाउजच्या आत कापसाचा बोळा दाबून बसलो होतो. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, चाळिशीही न गाठलेली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारी, माहेर-सासर दोन्ही बुलढाण्याकडचं, आणि बसवर कंडक्टर. आवाज असा की बसच्या मागच्या दारापर्यंत सहज जावा. तिने मला विचारलं,

"ताई, तुमची कुठल्या बाजूची?"

"डावी."

"माझी उजवी. म्हणजे दोघींची मिळून एक धड बाई होईल."

मी हसले. त्या बाकावर बसून मी हसेन असं मला वाटलं नव्हतं. मग ती म्हणाली की सुईचा खटका ऐकून तिला तिकिटाचे जुने पंच आठवले, नोकरीला लागली तेव्हा तेच असायचे. तेवढ्यात तिचा नवरा चहा घेऊन आला. दोनच कप आणले होते. त्याने आपला मला दिला.

पहिला रिपोर्ट दोघींचाही तोच आला. कॅन्सर. पण तेवढ्याने भागत नाही. त्याच तुकड्याची आणखी एक तपासणी होते आणि तिचा रिपोर्ट मागाहून येतो. गाठ कुठल्या जातीची आहे ते त्यात कळतं. तिच्यावर कुठले रिसेप्टर आहेत ते बघतात: इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा आणि हर-टू नावाचा एक. आम्ही ही नावं पाठ केली होती. अर्थ माहीत नव्हता.

रिपोर्ट एकाच सकाळी मिळाले. माझ्या कागदावर लिहिलं होतं, पहिले दोन पॉझिटिव्ह, तिसरा संशयास्पद. तिचे तिन्ही निगेटिव्ह. कोविडच्या लाटा नुकत्याच सरल्या होत्या. पॉझिटिव्ह या शब्दाने माणसं घराबाहेर काढलेली आम्ही पाहिली होती, निगेटिव्ह आलं की बिल्डिंगमध्ये लोक सुटकेचा श्वास टाकायचे. त्यामुळे तिच्या नवऱ्याने तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि तो बाहेर जाऊन पेढे घेऊन आला. तिने आधी घरी फोन लावला, सासूला सांगितलं, लेकीला सांगितलं. मग माझ्या हातावर अर्धा पेढा ठेवला आणि माझा खांदा धरून म्हणाली की ताई, घाबरायचं नाही, आता औषधं खूप निघालीत, पॉझिटिव्हवाल्यासुद्धा बऱ्या होतात. मला तिचा हेवा वाटला. खराखुरा. मी पेढा खाल्ला आणि तेवढ्यात आत माझं नाव पुकारलं.

डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने एक गोल काढला. म्हणाले, ही गाठीची पेशी. हिच्या आत हे रिसेप्टर. शरीरात इस्ट्रोजेन फिरत असतं, ते येऊन याला चिकटलं की पेशीला वाढायची सूचना मिळते. तुमची गाठ त्या सूचनेवर वाढतेय. म्हणजे आपल्याला ती सूचनाच थांबवता येईल. त्यासाठी रोज एक गोळी. मग त्यांनी गोलाच्या कडेवर बारीक रेघा ओढल्या. हा हर-टू, वाढीच्या घटकांचा रिसेप्टर. थोडा तो सगळ्याच पेशींवर असतो. काही गाठींवर फार दाट असतो आणि मग गाठ भराभर वाढते. त्यावरही आता चांगली इंजेक्शनं आहेत. पण तुमचा रिपोर्ट मधलाच आलाय, धड हो नाही, धड नाहीही नाही. त्यासाठी आणखी एक टेस्ट करू.

मी विचारलं, म्हणजे पॉझिटिव्ह वाईट नाही?

"उलट आहे," ते म्हणाले. "पॉझिटिव्ह म्हणजे आम्हाला धरायला काहीतरी आहे."

आणि तिन्ही निगेटिव्ह असले तर, हे मला विचारायचं होतं. पण तो प्रश्न माझा नव्हता. मी केसपेपर घेऊन उठले. दार उघडलं तेव्हा ती बाहेर उभीच होती, तिचं नाव पुकारून झालं होतं. आत जाताना तिने मला खुणेने विचारलं, काय म्हणाले? मी नुसती मान हलवली, आणि दार बंद झालं.

तिला आत बराच वेळ लागला. बाकावर पेढ्यांचा पुडा उघडाच होता. मी त्याचं झाकण लावलं, मग उगाचच रबरबँड लावलं. दोघं बाहेर आली तेव्हा नवरा पुढे होता. तो सरळ जिन्याकडे गेला. ती माझ्याजवळ बसली. त्या मोठ्या आवाजाच्या बाईने अगदी बारीक आवाजात सांगितलं, "माझ्याकडे काहीच नाही म्हणे धरायला. नुसती केमो. तीच आधी, ऑपरेशन नंतर."

मी तिचा हात धरला. तो ओला होता. पेढ्याचा चिकटपणा अजून बोटांना होता.

माझी ती पुढची टेस्ट बाहेर कुठल्या तरी मोठ्या लॅबला गेली. तिचं नाव फिश. मी भावाला फोनवर तसं सांगितलं, त्याने वहिनीला. वहिनी मालवणची. तिने फोन घेऊन काळजीने विचारलं, "वन्सं, आता माशे खाऊचे नाय काय?" मी समजावलं की ते टेस्टचं नाव आहे. ती म्हणाली, बरं झालं, आणि फोन भावाकडे दिला. भावाने रविवारी येतो म्हणून सांगितलं. तो आलाही. आईच्या खुर्चीत बसला, पंख्याचा रेग्युलेटर आवाज करतो म्हणाला, तो दुरुस्त करून दिला आणि जेवून गेला. त्याचं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे. पण त्याने आजाराचं नाव घेतलं नाही आणि मीही नाही.

फिशचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी दुकानात काढले. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे दांडी टोचते का विचारायचं, आरसा धरायचा. आपलं काम असं की अनोळखी माणसाचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. त्या दिवसांत मला ते बरं वाटायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र माझ्या इतक्या जवळ कुणीच नसायचं.

रिपोर्ट आला, हर-टू निगेटिव्ह. या वेळी ते निगेटिव्ह चांगलं की वाईट हे मी विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले की गाठ लहान आहे, काखेपर्यंत गेली असेल असं वाटत नाही, हळू वाढणारी आहे. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, मग गोळी. ऑपरेशननंतरचा रिपोर्टही तसाच आला, तेव्हा केमोची गरज नाही असं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी आली होती. शुद्धीवर आले तेव्हा ती पायाशी बसून डब्यातली पेज गाळत होती. दोन आठवडे बोरिवलीला राहिले. सगळ्यांनी नीट केलं. पण त्या घराला त्यांचा म्हणून एक चालू ताल होता, मी त्यात पाहुण्यासारखी होते, आणि मी निघाले तेव्हा मलाही हायसं वाटलं, त्यांनाही.

दुकानात मी फक्त गाठ काढली एवढंच सांगितलं. केस शाबूत, रंग शाबूत, बाहेरून काही कळत नव्हतं. ज्या एकदोघींना खरं सांगितलं त्या म्हणाल्या, तुला तर केमोसुद्धा नाही, नशीबवान आहेस. हे खरंच होतं, म्हणून पुढे बोलायला जागाच उरायची नाही.

गोळी सुरू झाली. पाळी गेल्यावरही शरीर कुठून कुठून थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं, तेही ही गोळी बंद करते. काही महिन्यांत सकाळी बोटं आखडायला लागली. फ्रेमचे स्क्रू तांदळाच्या कणीएवढे असतात. ते बसवण्यात माझा हात धरणारं दुकानात कुणी नव्हतं. आता ते चिमट्यातून निसटून काउंटरखाली जायचे आणि मी गुडघे धरून शोधत राहायचे. मधेच छातीतून मानेपर्यंत उकळी फुटल्यासारखं व्हायचं आणि माझा स्वतःचा चष्मा धुरकट व्हायचा, समोर गिऱ्हाईक. मालकांनी मला बिलाच्या टेबलावर बसवलं. चांगुलपणानेच बसवलं. मी त्यांना कारण सांगितलं नाही.

कधीकधी त्या गोळीचं पाकीट हातात घेऊन मनात यायचं की हे हार्मोन माझ्याकडे दर महिन्याला येत होतं, किती वर्षं. त्याला हवं होतं ते मी काहीच केलं नाही. शेवटी त्याने आपलं काम त्या गाठीला सांगितलं. हा विचार शास्त्राला धरून नाही, मला कळतं. डॉक्टरांसमोर तो बोलले असते तर त्यांनी समजावलं असतं. पण घरी तो समजावणारं कुणी नव्हतं, म्हणून तो बरेच दिवस राहिला.

सोमवारी दुकान बंद. तिची केमो सोमवारी असेल तेव्हा मी जाऊन बसायचे. नवऱ्याच्या रजा संपत आल्या होत्या, त्यामुळे मी असले की तो कामावर जायचा. केमोची खोली म्हणजे एसीचा कडक गारवा, मागे रेलणाऱ्या खुर्च्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लटकणारी बाटली. शेजारच्या खुर्चीत जोगेश्वरीच्या एक आजी असायच्या. त्यांची गाठ हर-टूवाली. त्यांची केमो संपली होती, आता ठरावीक आठवड्यांनी फक्त इंजेक्शनं चालू होती, आणि डोक्यावर पांढरीशुभ्र लव उगवली होती. एकदा आम्ही तिघी आपापल्या गाठींबद्दल बोलत होतो, घरातल्या पोरांबद्दल बोलावं तसं. ती म्हणाली, "एकीची हार्मोन खाते, एकीची हर-टू खाते, आणि माझी बघा, उपाशीच वाढते."

आजी हसल्या. मीही. तीच नंतर तोंड फिरवून बसली.

तोवर ती मला 'ताई, तू' म्हणायला लागली होती. कधीपासून ते आठवत नाही. बहुतेक तिला उलट्या होत असताना मी भांडं धरलं त्या दिवसापासून.

केस गेले त्याचं तिने फार मनाला लावून घेतलं नाही, रुमाल बांधला. पण भुवया गेल्या तेव्हा ती बिथरली. म्हणाली की लेक माझ्याकडे बघते ना ताई, तेव्हा ती मला शोधत असते. मी दुकानात जाऊन खूप फ्रेम्स काढल्या. गडद तपकिरी रंगाची एक सापडली, वरची कड जाड, खालची बारीक. साधी काच बसवून घेतली. पुढच्या सोमवारी तिच्या नाकावर ठेवली आणि फ्रेमच्या नाकावर टेकणाऱ्या गाद्या दाबून ती थोडी वर घेतली, म्हणजे वरची कड बरोबर भुवयांच्या जागी आली. तिने मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता मी कुणीतरी दिसते," ती म्हणाली.

केमोने तिची गाठ विरघळत गेली. हाताला लागायची ती लागेनाशी झाली. मग ऑपरेशन झालं, आणि काढलेल्या भागाच्या रिपोर्टसाठी आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. या वेळी नवऱ्याने काहीही आणलं नव्हतं. कागदावरचा एकही शब्द त्याने स्वतः वाचला नाही. आम्हाला तिघांना आत बोलावून डॉक्टरांनीच वाचून सांगितलं की काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी उरलेली नाही, काखेतही नाही. या जातीत केमो लागू पडली की अशी लागू पडते, आणि याहून चांगली बातमी त्यांच्याकडे नसते. ती खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला तिने मला घरी खिरीला बोलावलं. घर माणसांनी भरलेलं, पांढऱ्या साड्या, दारात चपलांचा ढीग. बाबासाहेबांच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार होता. तिच्या डोक्यावर आखूड कुरळे केस आले होते, भुवयाही आल्या होत्या, चष्मा कुठे दिसत नव्हता. कुणीतरी विचारलं, या कोण? ती म्हणाली, माझ्या ताई. कुठून ओळख, हे सांगायची वेळ आली तेव्हा तिने लेकीला आणखी खीर आणायला पाठवलं. मी समजले. या घरात हॉस्पिटल संपलं होतं.

ती पुन्हा ड्युटीवर गेली. सुरुवातीला फोन यायचे. मग मीच करायचे. मग मी केला तर ती बसमध्ये असायची, नंतर करते म्हणायची. मधे डॉक्टरांनी माझ्या तपासणीच्या वेळी सहज सांगितलं होतं की तिच्या गाठीच्या जातीत पहिली काही वर्षंच जपायची असतात, ती नीट गेली की धोका खूप उतरतो. माझ्या जातीचं तसं नाही. ती शांत, पण तिची आठवण लांब, बऱ्याच वर्षांनीही ती परतू शकते, म्हणून गोळी सोडायची नाही. पाच वर्षं झाल्यावर बघू म्हणाले, कदाचित पुढेही घ्यावी लागेल.

तिसऱ्या वर्षी एका सोमवारी मी तिला फोन केला. विशेष काही नव्हतं. तिची सुट्टी असावी, कारण मागे टीव्हीचा आवाज होता. मी माझ्या बोटांचं काहीतरी सांगायला लागले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली,

"ताई, राग मानू नका. तुमचा आवाज आला ना, की मला त्या खोलीचा वास येतो. दोन दिवस जेवण जात नाही. मला तिथलं काहीच नकोय आता."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुम्ही खूप केलंत माझं."

ती मला पुन्हा 'तुम्ही' म्हणत होती. मी लेकीची चौकशी केली. ती आता दहावीला, म्हणाली. मी शुभेच्छा सांगितल्या आणि आम्ही फोन ठेवला. तिने काही चुकीचं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. ज्या दारातून ती बाहेर पडली होती ते तिने लावून घेतलं. मी आत राहिले एवढंच. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, एकटीचा वरणभात केला आणि जेवले. मग भांडी घासताना इतकं रडू आलं की नळ बंद करून ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. तिचाही आला नाही. ती बरी असणार. नसती तर कुणीतरी कळवलंच असतं, असं मी धरून चालते.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी माझ्या हाडांची तपासणी करायला लावली. ही गोळी हाडंही हळूहळू पोकळ करते. थोडी झालीच होती. कॅल्शियम लिहून दिलं आणि सकाळच्या उन्हात रोज चाला म्हणाले. आता मी मिठागर रोडने चालते. आधी सकाळी पाय उचलत नाहीत, मग वळणापर्यंत सैल होतात. त्या वेळेला तीच माणसं असतात. काठी घेतलेले एक सरदारजी, एक नवरा-बायको जी चालताना अजिबात बोलत नाहीत, कुत्रा घेऊन येणारी एक मुलगी. आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख देतो. परवा दोन दिवस मला बरं नव्हतं म्हणून गेले नाही. तिसऱ्या दिवशी सरदारजींनी थांबून हिंदीत विचारलं की दिसला नाहीत, गावाला गेला होता का.

मी म्हटलं, नाही, घरीच होते.